मदत हवी आहे: बंद पडलेला जुना जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेतलाय, प्लगात घालू की नको?

बंदरावरचा

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी आंब्याच्या हिशोबासाठी जैतापूर खाडीच्या अंगाला एका ओळखीच्या चाचांकडे गेलो होतो. हिशोब राहिला बाजूला, येताना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आलो.

त्यांच्या पडवीत शिलाई मशीनखाली गोणपाट घालून ठेवलेला. चाचांनी तो १९८१ साली कुवेतहून आणला. दहा-बारा वर्षांपूर्वी एका रात्री गाणं चालू असताना आत ठक् झालं आणि बंद पडला तो पडलाच. "पाच द्या," म्हणाले. साडेतीन हजारांवर तुटलं. रिकाम्या आंब्याच्या पेटीत पेंढा घालून एसटीने देवगडला आणला. बारा किलो तरी असेल, कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. बायकोचं मत: "साडेतीन हजारांचं पालीचं घर."

आता माल कसा आहे ते सांगतो. समोर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावरची कंपनीची पाटी निघून गेलीय, फक्त दोन भोकं उरलीत. मागे मॉडेलचा कागद होता तो वाळवीने की दमटपणाने खाल्लाय, "मेड इन जपान" एवढंच वाचता येतं. व्होल्टेजचा सरकता खटका ११०, १२०, २२०, २४० असा आहे आणि तो २४० वर आहे. फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स अशी भोकं. बास-ट्रेबलची बटणं अजून कट् कट् करत नेमकी थांबतात. त्या आवाजावरच मी भुललो, खरं सांगायचं तर.

वरचं झाकण काढलं. आत धुळीची गोधडी. मोठा ट्रान्सफॉर्मर, शेजारी डब्यासारखे दोन कपॅसिटर, त्यांवर १०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट लिहिलंय. त्यांच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला गोंदासारखा पदार्थ. बोर्डावरच्या तांब्याला जागोजागी हिरवा कळंक, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवल्यावर येतो तसा. आणि तीन फ्यूजपैकी एकाच्या जागी कोणीतरी तांब्याची तार गुंडाळलीय.

मी घराचं वायरिंग आणि पंपाचे स्टार्टर करतो. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं. ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा किडा, एवढंच ज्ञान. तार काढून योग्य फ्यूज घालून सरळ प्लगात घातला तर चालेल का? कपॅसिटर फुगलेले नाहीत, तरी बदलावेत का? मिरग लागायच्या आत काय ते करायचंय. एकदा पाऊस सुरू झाला की आमच्याकडे काडेपेटीसुद्धा पेटत नाही.

सोल्डरकाका

बंदरावरचे, हात जोडून सांगतो, प्लगात घालू नका. ती तांब्याची तार म्हणजे आधीच्या दुरुस्तीवाल्याची सही आहे. फ्यूज उडाला, त्याने तार घातली, आणि मग फ्यूजच्या ऐवजी आतलं काहीतरी जळलं. चाचांनी ऐकलेला ठक् बहुधा त्याच्या आधीचा, पहिला.

तुम्ही वायरिंग करता म्हणजे सीरिज बोर्ड घरी असणारच. नसेल तर करा: फेजची वायर कापून मध्ये होल्डर, होल्डरमध्ये १०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब. एलईडी अजिबात चालणार नाही. आत सगळं शॉर्ट असलं तरी त्या बल्बातून अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त करंट जाणार नाही. अ‍ॅम्प ठीक असेल तर कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर भडकेल आणि मग मंद होईल. भडकून तसाच राहिला तर लगेच बंद करा आणि इथे या. स्पीकर जोडू नका. हेडफोन तर मुळीच नको.

आणखी एक. प्लग काढल्यावरही त्या डब्यांत चार्ज राहतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, डब्याचंही नुकसान होतं आणि माणूसही दचकून हात कुठेतरी आपटतो. १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर पक्कडीत धरून दोन्ही टोकांवर दहा सेकंद टेकवा, मग मीटरने बघा. स्टार्टरवर हात बसलेली माणसंच इथे जास्त बेफिकीर असतात, रागावू नका.

कातळावरचा

काकांनी सांगितलेला ऐक रे. तुका सांगतंय, आमच्याकडे संध्याकाळी १८० आणि मध्यरात्री २५० व्होल्ट मी स्वतः मीटरवर बघितलेत. खटका २४० वरच ठेव, २२० वर आणू नको.

आखाती माल घेताना हा खटका आधी बघायचा. सौदीत पूर्वी बऱ्याच ठिकाणी १२७ व्होल्टची लाईन होती. तिथून आलेले सेट १२० वर ठेवलेले असायचे आणि इथे आणून घाईघाईत प्लगात घातले की धूर. कुवेतची लाईन २४० ची, म्हणून तुझो वाचलो.

स्वस्त आणि मस्त

साडेतीन हजारांत आजकाल तळहाताएवढा नवा अ‍ॅम्प मिळतो, ब्लूटूथसकट. हा उद्योग कशासाठी?

बंदरावरचा

स्वस्त आणि मस्त, मिळतो ना. एक आहे माझ्याकडे. दोन पावसाळ्यांत त्याची बटणं गेली, आणि उघडायला त्याला स्क्रूच नाही.

हार्मोनियम

दोन गोष्टी. तो तपकिरी पदार्थ म्हणजे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला गोंद. नवा असताना पिवळसर असतो. वर्षानुवर्षं गरम होऊन तपकिरी झाला की आजूबाजूच्या घटकांचे पाय खातो, कधीकधी करंटही वाहून नेतो. लाकडी काडीने हळूहळू खरवडून काढा, खालचे डायोड-रेझिस्टर तपासा. कळंकावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. गंज काढायचा तेलकट स्प्रे व्हॉल्यूमच्या बटणात मारू नका, त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

दुसरं, आधी वाळवा. मी माझी पेटी पावसाळ्यात बंद कपाटात ४० वॅटचा बल्ब लावून ठेवते, तसाच हाही चार दिवस ठेवा. कडक उन्हात नको, लाकडी खोक्याचं पापुद्रं सुटेल.

बंदरावरचा

चार दिवस कपाटात ठेवला, काल काढला. गोंद खरवडला, अर्धा दिवस गेला. खाली एका डायोडचा पाय खरोखरच काळा पडून तुटायला आला होता, तो बदलला. तार काढून फ्यूज घातला. सीरिज बोर्ड लावला, बटण दाबलं.

बल्ब भक्क. तसाच राहिला. लगेच बंद केलं.

मग टॉर्च घेऊन हीट सिंकच्या (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये पाहिलं. उजव्या बाजूला पालीचा सांगाडा. वाळून पापडासारखा झालेला, शेपूट एका ट्रान्झिस्टरच्या पायावर आणि डोकं शेजारच्या पट्टीवर. चिमट्याने काढला तर तुकडे झाले. बायकोला दाखवला नाही.

आता पुढे?

सोल्डरकाका

दाखवा, त्यांचं भाकीत खरं ठरलंय.

आता प्लग काढा, कपॅसिटर रिकामे करा, मीटर बीपवर ठेवा. हीट सिंकवर धातूच्या टोपीचे चार ट्रान्झिस्टर असतील, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. टोपी म्हणजे कलेक्टर. खालचे दोन पाय बेस आणि एमिटर. टोपी आणि एमिटर यांच्यात दोन्ही दिशांनी बीप आला तर तो गेला. डावीकडचे आधी मोजा, म्हणजे चांगला कसा दिसतो ते कळेल. बेस-एमिटरमध्ये डायोड मोडवर सुमारे ०.५ ते ०.७ दाखवतो. जवळच सिमेंटचे पांढरे रेझिस्टर असतील, ०.४७ ओहमचे वगैरे. तेही बघा, शॉर्टमध्ये ट्रान्झिस्टरसोबत तेही अनेकदा उडतात.

बंदरावरचा

उजवीकडचे दोन्ही बीप! डावीकडचे दोन्ही ०.५६ च्या आसपास. उजवीकडचा एक पांढरा रेझिस्टर मधोमध तडकलाय.

काकांना फोन केला होता (नंबर दिल्याबद्दल आभार). त्यांच्या सांगण्यावरून उजवीकडचे दोन्ही काढले आणि पुन्हा सीरिज बोर्डावर लावला. बल्ब भडकला, आणि मग मेणबत्तीसारखा मंद झाला. पाच-सहा सेकंदांनी आतून "टक्" असा आवाज आला. मला वाटलं गेलं काहीतरी. काका म्हणाले, तो स्पीकरचा रिले, म्हणजे स्पीकर आपोआप जोडणारा खटका. सर्किटला आउटपुटवर डीसी (स्पीकर जाळू शकणारा एकाच दिशेचा करंट) दिसला असता तर रिले ओढलाच नसता. डाव्या स्पीकरच्या भोकावर डीसी मोजला: १८ मिलिव्होल्ट. ५० च्या आत असला की चिंता नाही म्हणे.

सोल्डरकाका

उत्तम. आता नवे ट्रान्झिस्टर. नंबर डाव्या बाजूच्या टोप्यांवरून घ्या, पण मिळेल तिथून घेऊ नका. जुन्या जपानी नंबरांचे नकली खूप फिरतात, बाहेरून हुबेहूब, आतली चिप मात्र खऱ्यापेक्षा बरीच लहान. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर जुन्या सेटमधून काढलेले मागा आणि दुकानातच मीटरने तपासा. बरोबर ड्रायव्हर, म्हणजे आउटपुटच्या ट्रान्झिस्टरना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टरही तपासा, आउटपुट गेले की ते बहुतेक वेळा सोबत जातात. बसवताना अभ्रकाची चकती विसरू नका, दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट. बसवून झाल्यावर टोपी आणि हीट सिंक यांच्यात बीप यायला नको.

पहिल्यांदा पुन्हा सीरिज बोर्डावरच. मग बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट. ०.४७ ओहमच्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २१ मिलिअँपिअर, सुरुवातीला तेवढ्यावर थांबा. मोठे कपॅसिटर आत्ता बदलू नका. घरघर आली तर बघू.

कातळावरचा

आणि मागच्या जाळीक मच्छरदाणीचो कपडो लाव. नायतर दुसरी पाल वाट बघत बसलीच हा.

बंदरावरचा

मच्छरदाणी लावली, पण वरची हवा मोकळी ठेवलीय. ट्रान्झिस्टर मुंबईचा भाचा गुरुवारी तुतारी एक्सप्रेसने घेऊन येतोय.

तेवढ्यात धीर धरवला नाही. काल रात्री डाव्या बाजूला एक जुना स्पीकर जोडला, बल्ब मध्येच ठेवून, आवाज अगदी कमी. ट्यूनर नाही, म्हणून ट्रान्झिस्टर रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून ऑक्सला वायर दिली आणि आकाशवाणी रत्नागिरी लावलं. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होती, क्लीनर मारल्यावर गेली. जाड, शांत आवाज. बल्ब निवेदकाच्या आवाजाबरोबर मिणमिणत होता.

चाचांना फोन लावून स्पीकरसमोर धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा डावा. उजवा कधी?"