कर्नल फुगलाय की जगाचं हार्डवेअर वाढलंय?

निखिल_सिस्टिम्स: 1991 साली लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, कोडच्या जेमतेम दहा हजार ओळींचा होता. 2025 मध्ये तो चार कोटींच्या घरात गेला. 2009 मध्ये, आजच्या निम्मासुद्धा नसताना, खुद्द त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो फुगल्याचं मान्य केलं होतं. हा सगळा कोड पूर्ण अधिकारानिशी, एकाच मेमरीत चालतो. एखाद्या फुटकळ ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या कोडने) मेमरीत भलतीकडे लिहिलं की अख्खं मशीन आडवं. जुना कोड काढायला हवा.

मेघना_ड्रायव्हर्स: चार कोटींवर जाऊ नका. एकट्या एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पन्नास लाखांवर ओळी आहेत, त्यातल्या बहुतेक आपोआप तयार केलेल्या रजिस्टरांच्या (चिपमधल्या नियंत्रणाच्या कप्प्यांच्या) व्याख्या. तुमच्या लॅपटॉपवर एलएसमॉड ही कमांड चालवून बघा, लागतात तेवढीच मोड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग) लोड झालेली दिसतील. शिवाय ड्रायव्हर मुख्य सोर्समध्ये असला की आतला इंटरफेस बदलणाराच तोही दुरुस्त करतो. म्हणून तर जुनं वायफाय डोंगल आजही लावताक्षणी चालतं.

राउटर_दुरुस्ती: मेघनाताई, राउटरच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर मोजकेच असतात, तरी तो वाढतोच. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सने 2021 च्या 21.02 आवृत्तीपासून किमान 8 एमबी फ्लॅश आणि 64 एमबी रॅम मागितली. 4 आणि 32 वाले धडधाकट राउटर बाद झाले.

निखिल_सिस्टिम्स: तेच म्हणतोय. डर्टी काऊ ही सुरक्षेतली चूक तर मेमरी व्यवस्थापनाच्या गाभ्यातच होती, ड्रायव्हरमध्ये नव्हे. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलवर साध्या युजरला लिहिता यायचं, तिथून थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा. 2007 मध्ये शिरलेली चूक 2016 मध्ये दुरुस्त झाली.

मेघना_ड्रायव्हर्स: ती चूक दोन थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) शर्यतीतली. जुने ड्रायव्हर काढून ती सापडली असती का? आणि काढणं चालूच आहे: 386 हा जुना प्रोसेसर गेला, कर्नलच्या 6.7 आवृत्तीत आयटेनियम प्रोसेसर गेला. सांभाळणारं कुणी उरलं नाही की काढावंच. पण कुणी वापरत असेल तर त्याच्या पोटावर पाय का? एसईएल4 हा छोटा कर्नल दहाएक हजार ओळींचा, गणिताने सिद्ध केलेला, पण फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारा कोड) आणि नेटवर्क कर्नलबाहेर कुणीतरी लिहावंच लागतं.

निखिल_सिस्टिम्स: बाहेर लिहिलेलं कोसळलं तर तेवढीच प्रोसेस मरते, हा फरक मला मोठा वाटतो. कुणाचा तरी पेन ड्राइव्ह लावला की त्यावरच्या अडगळीतल्या फाइलसिस्टिमचा कोड कर्नलमध्ये का चालावा? त्या फ्यूजवर, म्हणजे फाइलसिस्टिम कर्नलबाहेर चालवायच्या सोयीवर, न्या. वापरणाऱ्याचं काही जात नाही.

मेघना_ड्रायव्हर्स: पेन ड्राइव्हपुरतं पटलं. वेग थोडा कमी झाला तरी चालेल. सर्व्हरच्या डिस्कला मात्र हात लावू देणार नाही.