म्दिनाला दीड तास पुरतो का? सोबत आई-बाबा आहेत

नंदनवनची_पोरगी
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन माल्टाला जाऊन राहिली आहे. भाऊ तिथे नोकरीला आहे, घर राजधानी व्हॅलेटाजवळ. पण त्याला सुट्टी नाही, म्हणून फिरायचं आम्हा तिघांनाच. टेकडीवरचं ते तटबंदीचं जुनं गाव, म्दिना, मला पाहायचंच आहे. एका बसटूरमध्ये तिथे दीड तास दिला आहे. तेवढा पुरतो का, की आपलं आपण जावं? आईचे गुडघे दुखतात, वय ६७, आणि पक्की शाकाहारी. शिवाय नाव ऐकल्यापासून ती विचारून राहिली, "हे मक्का-मदिनेतलं मदिना का ग?" काय सांगू तिला?

गांधीगेटवाला
ताई, दीड तासात फाटकापाशी फोटो काढून होतात, बस्स. टूर सोडा.

आधी आईंचं उत्तर. त्या चुकल्या नाहीत, शब्द तोच आहे. अरबीत मदिना म्हणजे शहर. इसवी सन ८७० मध्ये अरबांनी बेट घेतलं, मग रोमन काळातलं मोठं शहर आक्रसून तट आत ओढला गेला. जे बाहेर राहिलं ते रबात, म्हणजे वेशीबाहेरची वस्ती. बसमध्ये सांगताना 'इम्दिना' म्हणा, पटकन समजतं. माल्टी भाषा रोमन अक्षरांत लिहितात, पण हाड अरबीचं. पुस्तकाला क्तीब म्हणतात, साबणाला सापून. बायकोनं दुकानात साबण म्हटलं आणि बाईनं सरळ काढून दिला!

व्हॅलेटाच्या वेशीबाहेर ट्रायटनचं कारंजं आहे, तिथंच बसस्टँड. ५१, ५२, ५३ यांपैकी कोणतीही रबातला जाते. टेकडी बसच चढते, म्हणून गुडघ्यांची काळजी नको. उतरलं की बगीचा, मग खंदकावरचा पूल, आणि आतले रस्ते बरेचसे सपाट. आईंना त्रास झाला तर रबातच्या सेंट पॉलच्या भुयारी दफनगृहांत होईल, पायऱ्याच पायऱ्या. ते त्यांच्यासाठी टाळा.

फाटक १७२४ चं, तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या नाइट्सचा प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, व्हिल्हेनानं मोंदियाँ नावाच्या फ्रेंच इंजिनियरकडून बांधून घेतलेलं. मी नागपूरच्या महाल भागात वाढलो, दरवाजा पाहिला की पाय थांबतात. आपल्या जुम्मा दरवाजाच्या दोन्ही बाजूंचा तट कधीच गेला, नुसती कमान उरली. तिथे उलट. तट जसाच्या तसा, आणि पुलावर उभं राहून शेजारच्या भिंतीत नीट पाहिलं तर आधीचा दरवाजा बुजवल्याची खूण दिसते. आमचा गाइड तिकडे न पाहताच आत गेला.

कॅथेड्रल आधी करा, ते संध्याकाळी बंद होतं. १६९३ च्या भूकंपात जुनं पडलं, मग लोरेन्झो गाफानं हे उभारलं. समोर दोन घड्याळं आहेत, एक वेळेचं, दुसरं तारखेचं. शेजारच्या म्युझियममध्ये जर्मन चित्रकार ड्यूररची लाकडी ठशांची चित्रं आहेत. मला त्यातलं काही कळत नाही, तरी अर्धा तास गेला.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. १७९८ मध्ये नेपोलियनच्या फौजेनं बेट घेतलं आणि दोन-तीन महिन्यांत म्दिनातल्या एका चर्चच्या चीजवस्तूंचा लिलाव मांडला. लोक उठले, फ्रेंच अधिकारी मारला गेला आणि बंड बेटभर पसरलं. आपल्याकडे १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, भोसल्यांच्या वाड्यातले दागिने इंग्रजांनी लिलावात काढले. त्या गल्लीत उभं राहून मला महालच आठवत होता.

आता मुख्य सांगतो. दुपारी दीडला पोचा आणि अंधार पडेपर्यंत हलू नका. नोव्हेंबरात पाचलाच अंधारतं. टूरच्या बस गेल्या की गाव रिकामं, आत राहणारे लोक तीनशेही नाहीत. बायकोच्या चपलेचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येत होता. शेवटी तिनं चपला हातात घेतल्या. पिवळ्या दगडाच्या भिंती, मधे एखादा दिवा, दारावर मासोळीच्या आकाराचा पितळी कडीठोका. एकाचं शेपूट हात लागून लागून सोन्यासारखं चकाकत होतं.

तर्री_आणि_पोहे
भाऊंचं ठीक आहे, पण मी जुलैत गेलो होतो. नागपूरच्या माणसाला उन्हाचं काय सांगता, तरी तो पांढुरका दगड डोळ्यांत घुसतो बे. गाव दहा मिनिटांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मला तर तटावरच्या चौकातलं दृश्य तेवढं आवडलं. लांबवर मोस्ता गावच्या चर्चचा घुमट दिसतो. ९ एप्रिल १९४२ ला भर प्रार्थनेत त्यातून बॉम्ब आत पडला आणि फुटलाच नाही.

आईंसाठी खाणं: रबातमध्ये क्रिस्टल पॅलेस नावाची चहाची छोटी जागा आहे, तिथे पास्तित्सी घ्या. पापुद्र्यांचा करंजीसारखा प्रकार, रिकोटा चीजचा किंवा वाटाण्याचा. वाटाण्याचा घ्या. फक्त पिठात प्राण्यांची चरबी आहे का ते आधी विचारा.

गांधीगेटवाला
जुलैत जायला कोणी सांगितलं होतं तुले? आणि दहा मिनिटांत टोक गाठायचं तर सीताबर्डीच्या मेन रोडवर ये, तिथंही गर्दी आहेच.

नंदनवनची_पोरगी
परत आलो काल. टूर सोडला, तुमचंच ऐकलं. बस उभ्यानं गेली, तो एक त्रास, पण एका पोरानं आईला जागा दिली. चरबीचं विचारलं, दुकानदार हसला आणि काही सांगेना, मग आईनं सोबतचे दशम्या आणि चटणी त्या खंदकाच्या बगीच्यात बसून खाल्ली. बाबांनी चार पास्तित्सी हाणल्या.

कॅथेड्रलपुढे आई त्या तारखेच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणते, "यात तिथी दाखवत नाही का?"