इतकी वर्षं शिकवलंत, वर्गाने तुम्हाला काय दिलं?

गणित शिकवण्यात सगळी नोकरी गेली, यंदा निवृत्त झाले. कशाबद्दल सगळ्यात जास्त कृतज्ञ आहे विचाराल तर मुलांनी दिलेल्या चुकीच्या उत्तरांबद्दल. खरंच. फळ्यावर ८ + ४ = __ + ५ लिहा आणि रिकाम्या जागी काय येईल विचारा, बरीच मुलं १२ म्हणतात, काही सगळंच मिळवून १७ म्हणतात, ७ म्हणणारी फार थोडी निघतात. बेरीज येत नाही असं नसतं हो, तोवर बरोबरचं चिन्ह दिसलं की पुढे उत्तर लिहायचं एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं, दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात हे कोणी मुद्दाम सांगितलेलंच नसतं. एक मुलगा तर माझ्याशी वादच घालायला लागला, बाई, उत्तर लिहून झाल्यावर हा पाच कशाला आलाय तिथे? मी शेजारी नुसता तराजू काढला आणि गप्प उभी राहिले. बराच वेळ बघत बसला, मग स्वतःच उठून आला, डस्टरने १२ पुसलं, ७ लिहिलं आणि जागेवर जाऊन पुढचं गणित सोडवायला लागला. माणूस विचार कसा बदलतो हे इतक्या जवळून बघायला मिळालं आणि तेही जवळजवळ रोज, अजून काय पाहिजे.

ज्यांनी खूप वर्षं वर्गात काढलीत त्यांनी प्लीज लिहा. मोठं लिहा, छोटं लिहा, कसंही चालेल.

०००

बाई, चुकीच्या उत्तरांचं अगदी पटलं. मी विज्ञान शिकवतो. झाडाचं एवढं मोठं खोड, एवढं लाकूड आलं कुठून असं विचारलं की मुलं म्हणतात मातीतून, काही म्हणतात पाण्यातून. पाण्यातून म्हणणाऱ्याला मी आधी शाबासकी देतो आणि मग फान हेल्माँटची गोष्ट सांगतो. सतराव्या शतकातला माणूस, त्याने कुंडीत वाळवलेली माती मोजून २०० पौंड भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं आणि माती घटली जेमतेम दोन औंस! त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनलं. म्हणजे आमचा मागच्या बाकावरचा मुलगा जे बोलला तेच. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबात आलाच नव्हता. मग वर्गात जी कुजबुज सुरू होते ना, की लाकूड म्हणजे हवा?? असं कसं सर?? दरवर्षी नवी तुकडी, दरवर्षी तेच आश्चर्य आणि मला एकदाही कंटाळा आला नाही. उलट जून्या गोष्टीकडे पहिल्यांदा बघितल्यासारखं बघण्याची सवय मुलांनी मला लावली, त्याचे उपकार मोठे आहेत.

०००

मी पहिलीची टीचर. अक्षराखाली बोट ठेवून क... म... ळ... असं तोडून तोडून वाचणारं पोर एक दिवस एकदम कमळ! म्हणून वर बघतं. ते वर बघणं मला मिळालं. बास.

०००

मी थोडं वेगळं लिहिते. नोकरीबद्दल मला कृतज्ञता वगैरे फारशी वाटत नाही, माहित्या भरा, तक्ते भरा, मग त्याच माहित्या पुन्हा दुसऱ्या फॉर्ममध्ये भरा, यात आयुष्यातले किती तास गेले आणि त्याचा राग अजून आहे. पण दार लावून तास सुरू झाला की ते सगळं बाहेर राहायचं. मी वर्गाची ऋणी आहे आणि फक्त वर्गाचीच.

०००

मला वर्गाने थांबायला शिकवलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या सुमारास वर्गांची रेकॉर्डिंगं तपासली होती, त्यात दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प राहणारीही बोलू लागतात. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा तीन सेकंद म्हणजे काय असं वाटलेलं, पण चाळीस पोरांसमोर गप्प उभं राहून बघा, फार लांब वाटतात. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कधी हात वर नाही, काही नाही. कवितेवर प्रश्न विचारून थांबलो, हुशार मुलांचे हात वर होतेच, तरी थांबलो, आणि ही खाली वहीकडे बघत म्हणाली, सर, त्याला घरी जायचंच नाहीये, तो नुसता म्हणतोय. अहो, ती कविता मी कितीतरी वर्षं शिकवत होतो आणि ती ओळ मला त्या दिवशी नवीन कळली. पुढच्या प्रत्येक बॅचला हे तिचं म्हणणं सांगत आलोय.

०००

सगळ्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी कर्णबधिर मुलांना शिकवते. आमच्याकडे फळ्याकडे तोंड करून बोलता येत नाही, कारण मुलांना हात आणि चेहरा दिसला पाहिजे, म्हणून आधी लिहायचं, मग वळायचं, मग सांगायचं. बाक अर्धगोलात, म्हणजे सगळ्यांना एकमेकांचे हात दिसतात. लक्ष वेधायचं तर दिवा चालू-बंद करायचा. सुरुवातीला हे सगळं नियम म्हणून केलं, पण त्यामुळे दिवसभर नजर मुलांच्या चेहऱ्यावरच राहते आणि कोणाचं कुठे अडलंय ते विचारायच्या आधीच दिसतं. एखाद्याला कळलं की तो माझी वाट बघत नाही, शेजारच्याला लगेच हातांनी समजवायला लागतो, आणि बऱ्याचदा माझ्यापेक्षा सोपं करून! मी ते त्याच्याकडून उचलते आणि दुसऱ्या तुकडीत वापरते. अजून काही वर्षं नोकरी आहे, ती याच वर्गात जावी अशी फार इच्छा आहे.