एक्क्यांची जोडी दबा धरून खेळायची की वाजवून?

इस्पिकवाला:
२०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा बंदीचा कायदा आला, तेव्हापासून आमचं पोकर शनिवारी रात्री मित्राच्या गच्चीवर भरतं. पैसे लावत नाही. प्रत्येकाला दोन हजारांच्या चिप्स, आणि ज्याच्या सगळ्यात आधी संपतील त्याने सकाळी मिसळ खायला घालायची. गेले दोन रविवार मिसळ माझ्याच खिशातून गेली.

परवा हातात दोन एक्के आले. आमचा प्रकार टेक्सास होल्डेम: दोन पानं प्रत्येकाच्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांची. त्यात सुरुवातीच्या दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात, त्यात एक्क्या-एक्क्याच्या फक्त ६. म्हणजे २२१ डावांत एकदा; आमच्यासारख्या गप्पा मारत खेळणाऱ्यांना रात्रीतून एकदा दिसले तरी खूप. आणि मी काय केलं? कुणी बिचकू नये म्हणून गुपचूप २० टाकून कॉल केला, म्हणजे चालू बोलीएवढंच लावलं. पाचही जण आत. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, नव्वी, सत्ती, चौकी. बिग ब्लाइंडवाल्याकडे (ज्याला पानं बघण्याआधीच ठरलेल्या चिप्स टाकाव्या लागतात) नव्वी-सत्ती, म्हणजे दोन जोड्या! त्याला फ्लॉप बघायला एक चिपही जास्त पडली नव्हती. माझे सगळे दोन हजार गेले.

तर माझं मत असं: भारी पानं दबा धरून खेळू नयेत. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सरासरी शंभरात ८५ वेळा जिंकते, चौघांविरुद्ध जेमतेम ५६ वेळा. जबर रेज मारायचा, म्हणजे बोली वाढवायची, आणि गर्दी पांगवायची. आणि हलकी पानं सरळ टाकायची. ‘दोन्ही बदाम आहेत’ म्हणून राणी-चौकी घेऊन बसणाऱ्यांनी लक्षात ठेवा, फ्लॉपलाच कलर (पाचही पानं एकाच रंगाची) लागायची शक्यता ११९ मध्ये एक आहे.

गणिताचे मास्तर:
रेज मारायचा हे बरोबर, कारण साफ चूक. पांगवायची कशाला? प्रत्येकी १०० आत आले आणि समोर एकच जण असेल, तर २०० च्या पॉटमधला (मध्ये जमलेल्या चिप्समधला) तुमचा सरासरी वाटा १७०, म्हणजे नफा ७०. समोर चौघे असतील तर पॉट ५००, वाटा २८०, नफा १८०. डाव कमी वेळा जिंकाल, पण चिप्स जास्त येतील. तुम्हाला हरलेला डाव आठवतोय, म्हणून गर्दीची भीती वाटतेय.

किलवर तिर्री:
मी त्याच राणी-चौकीवाल्यांतला. आठवडाभर ऑफिसात मान खाली घालून बसतो, शनिवारी परत पानं टाकत बसायला येऊ का? अमेरिकेच्या डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्री होती. दोन्ही वेळा फुल हाऊस, म्हणजे तीन सारखी पानं आणि एक जोडी. त्या पानांना आजही त्याचंच नाव आहे. सांगा आता त्याला ‘टाक’ म्हणून.

इस्पिकवाला:
@तिर्री, शेवटच्या डावात समोर एकच माणूस उरलेला असतो हो. दोघांच्या खेळात दश्शी-दुर्री एवढी वाईट नाही. सगळ्यांनी बदनाम केलेली सत्ती-दुर्रीसुद्धा एकट्या अनोळखी हाताविरुद्ध तीनात एकदा जिंकते. पाच-सहा जणांत तीच पानं घेऊन बसशील तर मिसळ तुझी.

@मास्तर, हिशोब मान्य, पण तो सगळ्या चिप्स फ्लॉपच्या आधीच पडल्या तर. तसं होत नाही. फ्लॉपनंतर नव्वी-सत्तीवाल्याला कळतं की तो पुढे आहे. मला मात्र माझे एक्केच दिसत राहतात.

मडगावची:
इस्पिकवाला, एक्के सोडता आले नाहीत, ही तुमची खरी चूक. फ्लॉपपर्यंत गेलं होतं किती? पाच जणांचे मिळून १००. तिथे पानं टाकली असती तर नुकसान २० चं. शंभराच्या पॉटसाठी एका जोडीवर दोन हजार घालवलेत, आणि दोष कॉलला!

रेजनेही सगळं सुटत नाही. तुम्ही १२० चा रेज केलात आणि कुणी पंजीची जोडी घेऊन आत आलं, तर त्याला फ्लॉपला तिसरी पंजी साधारण साडेआठात एकदा मिळते. तुमच्यापुढे दोन हजार आहेत आणि तुम्ही एक्के सोडणार नाही हे त्याला माहीत असेल, तर तो कॉल त्याला परवडतो. चिप्स तीन-चारशेच उरल्या असत्या तर नसता परवडला. कुठली पानं खेळावीत हे समोरच्या ढिगाऱ्यावरही ठरतं.

तिर्रीदादांना एकच. रमीत पहिल्याच फटक्याला पॅक केलं तरी वीस पॉइंट बसतात. इथे बटणावर, म्हणजे शेवटी चाल करायच्या जागेवर, बसून पानं टाकली तर काहीच लागत नाही. एवढं स्वस्त पॅक कुठे मिळतं? आणि हलकं काही खेळायचंच असेल तर ते बटणावरून, सगळ्यांची चाल बघून. एकाच रंगाची अठ्ठी-सत्ती तिथे चालेल. पहिल्या नंबरावर बसून नाही.

किलवर तिर्री:
ताई, बटण येईपर्यंत माझा चहा थंड होतो.

दिवाळीतला खेळाडू:
भारी पानं दबा धरून खेळणं हा मला तीन पत्तीचा रोग वाटतो. तिथे ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्मीच चाल लावावी लागते, म्हणून पानं न बघता बसून राहणं स्वस्त पडतं. ट्रेल (तीन सारखी पानं) आली की चेहरा पाडून हळूहळू चाल वाढवायची, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. पण तिथे पानं बदलत नाहीत. ट्रेल शेवटपर्यंत ट्रेलच. इथे टेबलावर अजून पाच पानं उघडायची असतात.

गणिताचे मास्तर:
हे पटलं. @इस्पिकवाला, मग तुमच्या गच्चीवर १२० चा रेजही सगळे कॉल करत असतील तर १६० करा. किती जण पळतात ते मोजू नका, किती चिप्स आत येतात ते मोजा. मात्र मडगावकर बाईंचं ऐका, फ्लॉपनंतर हात आवरायचा.

इस्पिकवाला:
पांगवण्याचा मुद्दा मागे घेतो. दबा धरण्याला अजूनही विरोधच. पण एक्के सोपे हो, ते वर्षातून किती वेळा येणार? गुलामांच्या जोडीचं काय? तिच्यावर फ्लॉपला राणी, राजा किंवा एक्का पडण्याची शक्यता ५७ टक्के. जबर रेज मारला, दोघे आत आले आणि वर राजा पडला, की मी पुतळ्यासारखा बसतो.

मडगावची:
आधी सांगा, त्या दोघांतलं तुमच्यानंतर चाल करणारं कुणी आहे का?