अली, लुईस, मार्सियानो आज क्रूझरवेट? कुठल्या काट्यावर मोजलंस बाबा?

शहापूरकर:
काल चिक्कोडीच्या आमच्या मित्रानं इथं ठणकावून लिहिलं की बॉक्सिंगमधले जुने हेवीवेट चॅम्पियन सगळे आठवणींनी फुगवलेले. मुहम्मद अली, जो लुईस, रॉकी मार्सियानो आजच्या हिशेबानं क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट, आणि आजच्या काळातला टायसन फ्यूरी अलीला तीन राउंडात झोपवेल. खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्री जेवताना वाचलं, भाकरी गोड लागेना. म्हणून जरा सविस्तर.

क्रूझरवेटची मर्यादा 200 पौंड, म्हणजे 90 किलो आणि वर थोडं. मार्सियानो 85 च्या आसपास, तो बसतो त्यात, मान्य. लुईस काठावर. पण अली? 1964 ला लिस्टनला हरवला तेव्हा 95 किलो, किन्शासात फोरमनसमोर 98. हे आकडे कुणालाही सापडतात, शोधायचे मात्र असतात.

आता उंची. फ्यूरी 6 फूट 9 इंच, डोंगर आहे, कोण नाही म्हणतंय? पण मे 2024 ला रियाधमध्ये त्याला हरवलं कुणी? 6 फूट 3 इंचाच्या युक्रेनच्या उसिकनं. अलीची उंची तेवढीच. त्या रात्री फ्यूरी 119 किलो, उसिक 101. नवव्या राउंडात फ्यूरी असा भेलकांडत दोरांवर गेला की रेफ्रीला आकडे मोजावे लागले. डिसेंबरात परत लढले, परत उसिकच. आणि हा उसिक क्रूझरवेटमधून वर आलेला! पायावर नाचत, कोन बदलत मोठ्या माणसाला दमवायचं हे जे तो करतो, ते अली 1966 ला क्लीव्हलंड विल्यम्ससमोर करून बसलाय. तीन राउंडात खेळ खलास. ती लढत बघ आधी, मग लिही.

चिक्कोडी एक्सप्रेस:
दादा, भाकरी गोड लागली नाही त्यात माझा काय दोष, पीठ बघा की.

तुम्ही अलीच्या वतीनं उसिकला पुढं करालाय. उसिक आजचा माणूस आहे. आजचा आहार, आजचा सराव, 2012 चं ऑलिंपिक सुवर्ण. त्यानं फ्यूरीला हरवलं म्हणजे अलीनं हरवलं, हे कुठलं गणित? आणि मेच्या त्या लढतीत तीनातल्या एका जजनं फ्यूरीलाच दिलं होतं, ते सोयीनं गाळलंत.

अलीला 1963 ला वेम्बलीत हेन्री कूपरनं डाव्या हुकनं खाली बसवलं होतं. कूपर 84 किलोचा! राउंड संपत आला होता म्हणून निभावलं. तोच हुक 110 किलोच्या माणसाचा असता तर? व्लादिमिर क्लिच्को 2006 पासून 2015 पर्यंत पट्टा सोडत नव्हता, ते काय फक्त नशीब? उंच माणूस नीट शिकला की बुटक्याला जवळच येऊ देत नाही.

आणि मार्सियानोचं ते 49-0, 49 लढती आणि हार एकही नाही, देव्हाऱ्यात ठेवलंय लोकांनी. हरवलं कुणाला? 37 वर्षांच्या लुईसला, 38 च्या वॉलकॉटला.

निपाणीचा वस्ताद:
37 वर्षांचा म्हातारा व्हय? मग जॉर्ज फोरमन 1994 ला 45 व्या वर्षी मायकल मूररला दहाव्या राउंडात आडवा करून परत चॅम्पियन झाला त्याला काय म्हणायचं? हा तोच फोरमन, ज्याला अलीनं 1974 ला आठव्यात लोळवला. वीस वर्षांनी, पोट सुटलेला, तरी पट्टा घेऊन गेला. दोन पिढ्या एकाच माणसानं जोडल्या. यापेक्षा मोठा पुरावा कुठला आणणार? तुमच्या "कोण जिंकलं असतं"ला एवढा एकच खरा धागा आहे.

आणि आकाराचं म्हणाल तर 1919 ला डेम्सी 85 किलोचा आणि विलर्ड 111 चा. पहिल्याच राउंडात विलर्ड सात वेळा खाली. लुईसनं कार्नेराचं तेच केलं, 89 विरुद्ध 118.

पण खरं सांगू? तुम्ही सगळे गोऱ्यांच्या गुद्देबाजीत अडकलाय. गामा पैलवानानं 1910 ला लंडनमध्ये पोलंडच्या झबिस्कोला कुस्तीत तासन् तास खालून उठू दिलं नाही, आणि 1928 ला पतियाळात मिनिटाच्या आत चीत केला. झबिस्को अंगानं केवढा, गामा केवढा! आपल्याकडं उत्तर आहे की, बाहेर कशाला शोधालाय?

चिक्कोडी एक्सप्रेस:
वस्ताद, फोरमन 1994 ला 113 किलोचा होता. 1974 ला शंभर. म्हणजे वजन वाढल्यावर म्हातारपणी जिंकला, माझंच सिद्ध केलंत की. आणि मूरर लाइट हेवीवेट या हलक्या गटातून आलेला, त्या रात्री तिन्ही जजांच्या कार्डांवर गुणांनी पुढं होता, एक गुद्दा चुकवायला विसरला. विलर्ड तीन वर्षं पट्ट्यासाठी उतरलाच नव्हता. कार्नेराच्या आधीच्या लढती कुणी जुळवल्या ते सगळ्या जगाला ठाऊक आहे.

रिटायर्ड हवालदार, खानापूर:
बाळांनो, थोडं ऐका. रेजिमेंटमध्ये नोव्हिस, म्हणजे नवशिक्यांच्या बॉक्सिंगला मला वजनात बसत नसताना वरच्या गटात उभं केलं होतं, कंपनीला माणूस कमी म्हणून. समोरचा माझ्यापेक्षा पंधरा-सोळा किलो जड. गुद्दा असा त्यानं मारलाच नाही फारसा. जवळ यायचा, मानेवर कोपरापासून पुढचा हात टाकायचा आणि अंगावर झोपायचा. बस. दुसऱ्या राउंडात माझ्या मांड्या थरथरायला लागल्या, हात वर राहीनात. तोंडात दातांवर गमशिल्ड, नाकावर व्हॅसलीनचा थर, श्वास घ्यायचा कुठून? हरलो पॉइंटवर. तोंडावर वळ एक नाही, पण रात्री जिना चढवेना.

तेव्हा चिक्कोडीचं पोरगं अगदी येडं नाही. फ्यूरीनं वाइल्डरला हेच केलंय. टीव्हीवर ते कळत नाही.

पण एक विचारतो. तुम्ही लढत लावालाय, ती कुठल्या नियमानं? मार्सियानोनं 1952 ला वॉलकॉटला तेराव्या राउंडात पाडलं, तोवर तिन्ही कार्डांवर मागं होता. 1941 ला बिली कॉन लुईसला भारी पडत होता, तोही तेराव्यातच पडला. आता बारा राउंड. म्हणजे आजच्या नियमानं मार्सियानो चॅम्पियन होत नाही आणि लुईसचा पट्टा कॉनकडं जातो! आधी राउंड ठरवा, मग नावं.

कॅम्पातला इंजिनिअर:
हे सगळं कॉम्प्युटरनं 1970 लाच ठरवलंय. अली आणि मार्सियानोला खरंच रिंगमध्ये उभं करून फिल्म काढली, मशीनच्या उत्तराप्रमाणे मार्सियानो तेराव्यात जिंकला. डेटा खोटं बोलत नाही.

शहापूरकर:
डेटा! अरे शेवट वेगवेगळे शूट करून ठेवले होते. युरोपात दाखवताना अलीला जिंकवलं. मार्सियानो बिचारा टोप घालून, वजन उतरवून आलेला, आणि शूटिंगनंतर काही आठवड्यांतच विमान अपघातात गेला. आधी त्याच माणसांनी रेडिओवर स्पर्धा घेतली, त्यात अलीला जुन्या काळच्या जेफ्रीजकडून हरवला, तर अलीनं बदनामीचा दावा ठोकला. छान डेटा आहे तुमचा.

काका, राउंडांचा मुद्दा एकदम बरोबर. पंधरा धरू.

चिक्कोडी एक्सप्रेस:
का म्हणून पंधरा? तुमच्या सोयीनं होय!

निपाणीचा वस्ताद:
काकांनी नियमाचं काढलं म्हणून. मातीतली कुस्ती आणि मॅटवरची, तेच रडगाणं. मातीत निकाली, पाठ टेकेपर्यंत. मॅटवर तीन-तीन मिनिटं आणि पॉइंट मोजायचे. श्रीपती खंचनाळे 1959 चे पहिले हिंद केसरी, आपल्या एकसंब्याचे. ते आजच्या मॅटवर आले तर पहिली तीन मिनिटं चाचपडतील, हे मी पण मानतो. पण आजचा मॅटवाला जत्रेच्या फडात, हलगी कडाडायला लागल्यावर अर्धा तास उभा राहील?

चिक्कोडी एक्सप्रेस:
एकसंबा आमच्या चिक्कोडी तालुक्यात, कर्नाटकात. मग कोल्हापूरवाले खंचनाळे "आमचे" म्हणून मिरवतात ते कसं? इथल्या पोरांना शाळेत नाव तरी माहीत आहे का त्यांचं?

निपाणीचा वस्ताद:
कारण पोटाला घातलं कोल्हापूरनं. तालीम तिथली, खासबागचं कुस्ती मैदान तिथलं, दूध-बदाम तिथलं. गाव कुठल्या राज्यात गेलं हे त्या माणसाला कुणी विचारलं होतं का?

कॅम्पातला इंजिनिअर:
आलं का परत सीमाप्रश्नावर. बॉक्सिंगचा धागा होता.

निपाणीचा वस्ताद:
तुला कॅम्पात बसून काय कळणार? आमच्या पैलवान पोरांना तिकडं महाराष्ट्रातल्या स्पर्धेत विचारतात, अधिवास कुठला? कर्नाटक. मग बाजूला व्हा. इकडं विचारतात, सराव कुठं करता? कोल्हापूर. मग तिकडूनच खेळा. माझा पुतण्या दोन्हीकडच्या दारात कागद घेऊन उभा राहून राहून शेवटी सोडून बसला. आता टेम्पो चालवतो. 98 किलोचं पोरगं! तू मला फ्यूरीचं वजन सांगू नको.

चिक्कोडी एक्सप्रेस:
वस्ताद, पुतण्याचं वाईट वाटलं, खरंच. पण त्याचा राग माझ्यावर कशाला? मी काय रेषा ओढली नव्हती.

अनगोळची आई:
पुतण्याला दोन दारं तरी होती. माझ्या मुलीला तालमीच्या एकाच दारातून परत पाठवलं, "पोरींसाठी वेगळी वेळ नाही" म्हणून. शेवटी ती बॉक्सिंगला गेली, तिथं निदान आत घेतलं.

आणि एवढं सगळं लिहिलंत, क्लॅरेसा शिल्ड्सचं नाव एकानं घेतलं? 2012 आणि 2016 ला 75 किलोत ऑलिंपिक सुवर्ण, मग वर वर जात 2024 ला हेवीवेटचा पट्टा, 2025 ला सगळे पट्टे घेऊन निर्विवाद चॅम्पियन. लहान अंगाचं माणूस मोठ्या गटात जिंकतं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ती आत्ता, जिवंतपणी देतेय. तुम्ही मेलेल्यांच्या कुस्त्या लावत बसा.

शहापूरकर:
ताई, मुद्दा बिनतोड आहे. पण महिलांच्या हेवीवेट गटात स्पर्धक फार थोड्या, त्यामुळं तुलना...

अनगोळची आई:
डेम्सीच्या वेळी काय रांग लागली होती का? काळ्या बॉक्सरांना तर तो पट्ट्यासाठी समोरच घेत नव्हता. हॅरी विल्स वर्षानुवर्षं वाट बघत बसला. ते चालतं तुम्हाला, "दंतकथा" म्हणून.

रिटायर्ड हवालदार, खानापूर:
हे बरोबर बोललात बाई. विल्सचं नाव इथं कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. मुलीला सांगा, जड जोडीदारासोबत सराव करताना मान कमवायची. मान गेली की सगळं गेलं. आणि क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी पडली की, डोकं त्याच्या हनुवटीखाली, बाहेर नाही.

अनगोळची आई:
सांगते काका.

चिक्कोडी एक्सप्रेस:
बरं, ताईंपुढं कोण बोलणार. मार्सियानो सोडा, त्याच्यावर वेळ घालवायला नको. लुईस पंधरा राउंडात क्लिच्कोला त्रास देईल, इथपर्यंत येतो. देईल म्हणालोय, जिंकेल नाही.

शहापूरकर:
फाटे फोडू नको मर्दा. 1966 चा अली विरुद्ध उसिक. पंधरा राउंड. नाव सांग.

चिक्कोडी एक्सप्रेस:
अली. पॉइंटवर. स्प्लिट निर्णय, दोन जज विरुद्ध एक, आणि तो तिसरा जज मी.

शहापूरकर:
आणि अली विरुद्ध फ्यूरी?

चिक्कोडी एक्सप्रेस:
ज्या दिवशी फ्यूरी सराव करून, डोकं ठिकाणावर ठेवून येईल त्या दिवशी फ्यूरीच. काकांच्या मांड्या साक्षीला आहेत. यातून एक इंच मागं हटणार नाही, मग तुम्ही उपाशी झोपला तरी.