अनुभव धागा: शाळेत मुलांना चांगलं वळण लागावं म्हणून रोज नेमकं काय करता?

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांच्यासाठी हा धागा आहे.

भिंतीवर सुविचार असतो, परिपाठात बोधकथा असते. मूल्यशिक्षणातली दहा मूल्यं श्रमप्रतिष्ठेपासून नीटनेटकेपणापर्यंत मुलांना तोंडपाठ असतात. आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यात लहान मूल सगळ्यात शेवटी पाणी पितं. मूल्य सांगून येत नाही, रोजच्या व्यवस्थेतून अंगवळणी पडतं, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून इथे ती व्यवस्थाच लिहा: कृती काय, साहित्य किती, वेळ किती, कुठे फसतं आणि का. शाळेचं किंवा मुलाचं नाव नको, स्वतःची हकिकतही नको.

पाचवीचा वर्ग, साखर पेठ

वर्गाचे नियम पहिल्या दिवशी करू नका. शाळा 15 जूनला उघडली तरी गावाला गेलेली मुलं परतून पट भरायला महिनाअखेर येते. अर्ध्या वर्गाने केलेला नियम उरलेल्यांना बाईंचाच वाटतो.

एक तास पुरतो. पाच-पाच मुलांच्या गटाला एक चिठ्ठी द्यायची. प्रश्न ‘नियम सांगा’ असा विचारलात तर ‘खरे बोलावे, शिस्त पाळावी’ हेच येणार. त्याऐवजी ‘वर्गात तुम्हाला कशाचा त्रास होतो?’ असं विचारा. मग खरं बाहेर पडतं: न विचारता पेन्सिल घेतात, उत्तर चुकलं की हसतात, आडनावावरून चिडवतात. त्यातून जास्तीत जास्त पाच नियम करायचे आणि ते ‘नको’ ऐवजी ‘करू’ मध्ये लिहायचे. ‘हसू नये’ पेक्षा ‘कुणी चुकलं तर थांबून त्याला परत सांगू देऊ’ हे मुलाला करता येतं. कार्डशीट जमिनीपासून चार फुटांवर लावा. छताजवळ लावलेलं कुणी वाचत नाही.

पाचातला एक नियम शिक्षकाचा हवाच. ‘घंटा झाली की बाई थांबतील’ असा साधा चालेल. तो बाईंनी दोनदा मोडला की बाकीचे चारही गेले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहा मिनिटं काढून न चालणारा नियम बदला.

आता ‘बे’बद्दल. आपल्याकडे ‘काय बे, चल की बे’ हे दोस्तीतलं बोलणं आहे, शिवी नाही. त्यावर सरसकट बंदी घालणाऱ्या वर्गात मुलं बाईंसमोर गप्प आणि मागे दुप्पट बोलतात. मुलांनाच ठरवू द्या: दोस्ताला चालेल, लहान वर्गातल्या मुलाला दरडावताना नाही, पोषण आहाराच्या ताईंशी बोलताना तर नाहीच. शब्द तोच असला तरी समोर कोण आहे ते पाहून बोलायचं असतं, हे मुलांना यातून फार लवकर कळतं.

मुख्याध्यापिका, अक्कलकोट रोड

पोषण आहार हा शाळेतला सगळ्यात मोठा मूल्यशिक्षणाचा तास आहे आणि तो बहुतेक ठिकाणी वाया जातो. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ धरतात, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. पण पळी एकच असते. लहानांच्या ताटात जास्त पडतं, ते टाकतात आणि वर ‘अन्न वाया घालवता’ म्हणून बोलणी खातात. पहिल्या वाढीला अर्धी पळी वाढा, दुसऱ्यांदा प्रत्येकाला विचारा. उरलेलं टाकायची बादली दहा लिटरची असू द्या, आतून रंगाने लिटरच्या खुणा करा आणि रोजचा आकडा फळ्यावर लिहा, कुणाचंही नाव न घेता. आकडा उतरायला लागला की मुलं स्वतःहून कमी मागतात.

वाढप सातवी-आठवीच्या मुलांकडे, सहा जणांचा गट, आठवडाभर. गटात तीन मुलगे, तीन मुली. इथे चूक अशी होते की मुली वाढतात आणि मुलगे बादल्या उचलतात. कामांच्या चिठ्ठ्या रोज काढल्या तरच ही वाटणी मोडते. पंगतीत बसायची जागाही चिठ्ठीनेच, नाहीतर गल्लीप्रमाणे आणि जातीप्रमाणे ओळी आपोआप लागतात.

शहरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे हात धुण्याचा हिशेब आधी मांडा. चाळीस मुलं, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे वीस लिटर. दोन लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या दाभणाने चार भोकं पाडली आणि ती उलटी टांगली की बारीक धारेत साबण लावून वीस सेकंद हात चोळता येतात. धुतलेलं पाणी झाडांना. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असली तरी अकराच्या पुढे उन्हाने जीव नकोसा होतो आणि भांडणं पिण्याच्या पाण्यापाशीच होतात. तेव्हा पिंपाजवळ दोन पेले कमी पडतात, आठ ठेवा. आठ पेले ठेवल्याने मिटणाऱ्या भांडणावर समुपदेशन नको.

प्रामाणिकपणाचं दुकान चालवणारे शिक्षक, जुळे सोलापूर

पाचशे रुपयांच्या मालात दुकान उभं राहतं. पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, पट्टी, एकरेघी आणि दुरेघी वही, आलेख कागद. खाऊ ठेवू नका, तो मोजण्याआधीच संपतो. टेबल व्हरांड्यात, विक्रेता कुणी नाही, भाव मोठ्या अक्षरात लिहिलेले, शेजारी पैशाचा डबा.

पहिल्या महिन्यात तूट येतेच आणि तिची कारणं चोरीपेक्षा वेगळी असतात. सात रुपयांच्या वस्तूला मूल दहा टाकतं, सुटे सापडत नाहीत, मग दुसऱ्या दिवशी ते तीन रुपयांची वस्तू तशीच उचलतं आणि हिशेब बिघडतो. म्हणून भाव फक्त 2, 5 आणि 10 चे ठेवा आणि एका उघड्या वाटीत एक-दोनची तीस-चाळीस नाणी असू द्या. शेजारी उधारीची वही दोरीने बांधा: तारीख, वस्तू, रक्कम, कधी देणार. लहान वर्गांसाठी वस्तूचं चित्र आणि नाण्यांचं चित्र.

शनिवारी मोजणी. दोन मुलं मोजतात, तिसरं लिहितं, गट दर आठवड्याला बदलतो. फळ्यावर तीनच ओळी: विकला गेलेला माल, जमा पैसे, फरक. फरक आला की लगेच ‘कोण होतं?’ असा शोध सुरू करायचा मोह आवरा. दुकान तिथेच मरतं, कारण मुलं एकमेकांवर पहारा करू लागतात. फळ्यावर ‘या आठवड्यात 14 रुपये कमी’ एवढंच ठेवा. पुष्कळदा सोमवारी डब्यात जास्तीची नाणी निघतात. सलग चार आठवडे तूट वाढली तर दुकान महिनाभर बंद, आणि कारण मुलांशी बोलून ठरवायचं.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, विडी घरकुल

वरच्या दुकानाला माझा विरोध नाही, पण एक अट घाला. दुकानाच्या आधी शाळेत फुकटची पेटी हवी: वापरलेल्या पेन्सिली, अर्ध्या वह्या, कोरी पानं काढून शिवलेल्या वह्या. ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यावं. ज्या घरी हातावर पोट आहे, त्या मुलासमोर बिनराखणीची पेन्सिल ठेवली तर ती त्याच्या गरजेची परीक्षा होते.

पालक सभेबद्दल: दुपारी बाराची सभा म्हणजे विडीवाल्या आईचा त्या दिवसाचा हिशेब बुडवणं. पानं आणायची, विड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या, हे सगळं दिवसाउजेडी असतं. यंत्रमागावर वडील पाळीत असतात. एकच सभा एकाच दिवशी दोनदा घ्या, सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेसहाला, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. निरोप मराठीत लिहून भागत नाही. पूर्व भागात तेलुगू, दक्षिण आणि अक्कलकोट तालुक्यात कन्नड, कुठे उर्दू. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा बोलका निरोप त्या त्या भाषेत एखाद्या पालकाकडूनच करून घ्या. मूल काय चांगलं करतं याचं एक ठोस वाक्य आधी सांगा, मग तक्रार. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यांना सही करण्यापुरतं बोलावलं जात असेल तर बाकीचे पालक कशाला येतील?

समुपदेशनाचं काम पाहणाऱ्या शिक्षिका, सात रस्ता

भांडण मिटवायला चार प्रश्न. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय आलं? कुणाला काय त्रास झाला? आता ते नीट करायला तू काय करशील? दोघांना आधी वेगवेगळं विचारायचं, प्रत्येकी पाच मिनिटं, वर्गासमोर कधीच नाही. मग एकत्र. ठरलेली गोष्ट छोटी आणि दिसणारी असावी: फाडलेली वही उतरवून देणं, लपवलेली चप्पल आणून देणं. दोन दिवसांनी आणि आठवड्याने ‘झालं का?’ हे विचारायलाच हवं. बहुतेक जण हे विसरतात आणि मग पद्धतीला दोष देतात.

‘माफी माग आधी’ हे वाक्य काढून टाका. जबरदस्तीची माफी ऐकणाऱ्यालाही कळते.

संडास झाडायला लावणं, वर्गाबाहेर उभं करणं, वर्गासमोर अपमान करणं हे उपाय नव्हेत. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींवर बंदी आहे. शिवाय संडास साफ करणं शिक्षा ठरलं की श्रमप्रतिष्ठेचा पाठ कुणाच्या गळी उतरणार? सफाईची पाळी सगळ्यांची, शिक्षकांसकट.

एक मर्यादा ठळक लिहिते. सतत एकाच मुलाला छळलं जात असेल तर त्याला छळणाऱ्यासमोर बसवू नका. आणि लैंगिक त्रासाची शंका आली तर हे चार प्रश्न नाहीत, शाळेत तडजोड नाही, मुलाची उलटतपासणी नाही. पोक्सो कायदा 2012 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन 1098.

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी लावली की तिच्यात धूळ साठते, कारण चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. यावर उपाय: दर शुक्रवारी शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक मुलाला सारख्या आकाराची चिठ्ठी. काही सांगायचं असेल तर लिहा, नसेल तर एखादं चित्र काढा, पण घडी घालून सगळ्यांनी टाका. मग कुणी लिहिलं ते कळत नाही. पेटी दोन शिक्षकांनी मिळून त्याच दिवशी उघडायची, सोमवारपर्यंत थांबायचं नाही.

माध्यमिक, गणित, होटगी रोड

कॉपी थांबवण्यासाठी फिरती पथकं बोर्डाच्या परीक्षेला ठीक. सवय आठवीपासून लागते. दहा गुणांची चाचणी घ्या, मग उत्तरसूची फळ्यावर लिहा आणि मुलांनी स्वतःचाच पेपर हिरव्या पेनाने तपासावा. निळं पेन आधी दप्तरात. शिक्षकाने कुठलेही पाच पेपर परत पाहावेत. हे गुण प्रगतिपुस्तकात गेले की सगळं फसतं, म्हणून ते फक्त मुलाच्या वहीत राहू द्या. चुकीच्या उत्तराशेजारी ‘कुठे चुकलं’ हे एका ओळीत लिहायला लावा, खरा फायदा त्या ओळीत आहे.

इतिहास, शहर हद्द

12 जानेवारीला भाषणांची स्पर्धा घेऊ नका. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 1931 साली त्या दिवशी येरवड्यात फाशी झाली. 1930 चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, सोलापूरच्या अंगावरून गेला होता. पाठ केलेल्या भाषणात हे चौघे एकसारखे होऊन जातात. त्याऐवजी आठवडाभर आधी चार गट करा, एकेका गटाकडे एक हुतात्मा. प्रत्येक गटाने दोन प्रश्न तयार करायचे, त्यातला एक ‘हे चौघे वेगवेगळ्या समाजांतले असून एकत्र कसे आले?’ याच्या जवळपासचा. मग चार पुतळ्यांपाशी उभं राहून वीस मिनिटं बोलणं. दिवस आधीच ठरवा: त्याच आठवड्यात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे हजेरी पडते आणि रस्तेही बंद होतात. 8 किंवा 9 तारीख सोयीची.

जिल्हा परिषद शाळा, कारखान्याजवळची

दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या उतरतात आणि वर्गात अचानक चार-सहा नवी मुलं येतात. पहिल्या दिवशी परिपाठात उभं करून ओळख करून देणं बंद करा, मूल भेदरतं. वर्गातल्या दोघांची जोडी प्रत्येक नव्या मुलाला द्या, एकाची नको, कारण तो एक गैरहजर राहिला की पाहुणा परत एकटा. जोडीचं पहिल्या दिवसाचं काम चारच गोष्टी दाखवणं: पाणी, संडास, ताट कुठून घ्यायचं, बसायची जागा. तिसऱ्या दिवशी शिक्षकाने नव्या मुलाला एकट्याला विचारायचं, ‘सुट्टीत कुणाबरोबर खेळलास?’ नाव सांगता आलं नाही तर जोडी बदला.

शेजारी नोंदवही ठेवा. रोज तीन मुलांबद्दल एकेक वाक्य, काय पाहिलं तेवढंच: ‘पडलेल्याला उचललं, दप्तर झटकून दिलं.’ ‘गुणी आहे’ असं नाही. चाळीसच्या वर्गात चौदा शाळेच्या दिवसांत सगळे येतात. ज्याच्याबद्दल लिहायला काहीच सुचलं नाही त्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर. वर्णनात्मक नोंदीही यातूनच निघतात. टोळी मार्चमध्ये परत निघाली की त्या मुलाचं पान फाडून त्याच्या दप्तरात द्या, पुढच्या शाळेतल्या बाईंना उपयोगी पडतं.