सुदानमध्ये नाईल आहे, एवढी शेती आहे, मग दुष्काळ कसा काय?

कुतूहल_पुणे:
शाळेत भूगोलात होतं की निळी आणि पांढरी नाईल खार्टूमला मिळतात, गेझिरात कालव्यांवर केवढी शेती आहे. मग आता तिथे लोक उपाशी का मरतायत? पाऊस पडला नाही का? बातम्या बघून डोक्यात काही शिरत नाही, कोणी नीट सांगेल का

बांधावरून:
पावसाचा संबंध नाही हो, 2024 ला तर उलट पूर आले होते. आपल्याकडे 72 ला पाऊस नव्हता पण रस्ते चालू होते, म्हणून आमची आजी खडी फोडून, मिलो नि सुकडी खाऊन का होईना तगली. तिथे एप्रिल 2023 ला लष्करप्रमुख बुरहानचं लष्कर आणि हेमेदतीची आरएसएफ, म्हणजे तिथलं निमलष्करी दल, यांची जुंपली, डिसेंबरात आरएसएफने गेझिराची राजधानी वाद मदनी घेतलं म्हणजे गेझिराच गेलं, लूटमार सुरू झाली, माणसं जीव घेऊन पळाली, मग पेरणार कोण

मीठभाकर:
हे बरोबर, पण अर्धंच. धान्य सीमेवर पडून असतं हो, आत जाऊ देत नाहीत. शेजारच्या चाडकडून पश्चिम सुदानातल्या दारफूरला जायचा सोयीचा नाका अद्रे, तो लष्कराच्या सरकारने फेब्रुवारी 2024 ला बंद केला, म्हणे तिथून आरएसएफला हत्यारं जातात. ऑगस्टमध्ये दारफूरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा कुठे नाका उघडला, पण तोवर ओढे भरलेले आणि त्या वाटेवरचा मोर्नीचा पूल वाहून गेलेला. आरएसएफवालेही काही साधुसंत नाहीत, त्यांनी मे 2024 पासून दारफूरमधल्या एल फाशर शहराला वेढाच घातला. जून 2025 ला संयुक्त राष्ट्रांचे 15 ट्रक पोर्ट सुदानहून 1800 किमी तुडवत अल कोमाला आले, फाशर फक्त 80 किमी राहिलं आणि तिथेच हल्ला, 5 जण गेले. कोणी केला विचारलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात

कुतूहल_पुणे:
बापरे. मग विमानातून टाकता येत नाही का?

मीठभाकर:
विमानात मावून मावून किती मावणार, खर्च ट्रकच्या कितीतरी पट, आणि खाली विमान पाडणारे बसलेत. फाशरमध्ये खरा आधार होता तो गल्लीतल्या पोरांनी चालवलेल्या लंगरांचा, तकाया म्हणतात त्यांना. तिथेही शेवटी अंबाज शिजायला लागला

बांधावरून:
अंबाज म्हणजे काय?

मीठभाकर:
शेंगदाण्याची पेंड. तेल काढून उरते ना, तीच

बांधावरून:
आमच्या म्हशीला घालतो ती??

मीठभाकर:
हो तीच. नंतर नंतर तीसुद्धा मिळेना